लाकडाची मूठ

मराठीत ‘मूठ’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. हाताची बोटे मिटली की ती मूठ, आणि त्या मिटलेल्या बोटांत सुरीचा किंवा तलवारीचा जो भाग धरायचा तीही मूठच. धरणारा आणि धरला जाणारा, दोघांना एकच नाव. इतकी वर्षे मराठी शिकवले, पण ही गंमत वर्गात कधी लक्षात आली नाही. लक्षात आली ती गेल्या पावसाळ्यात, पडवीत लेथसमोर उभा असताना. त्या पावसाळ्यात मी आणखी एक मूठ तयार केली. ती लाकडाची आहे आणि लाकूडच धरते. तिची ही हकीगत.

ज्यांना लेथ ठाऊक नाही (म्हणजे आमचे बहुतेक नातेवाईक) त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सुतारकामात लाकूड स्थिर असते आणि हत्यार फिरते. लेथवर उलटे. लाकूड गरगर फिरते आणि आपण पटाशी त्याला टेकवून धरतो. त्यामुळे जे निघते ते गोलच निघते. लाटणे, रवी, पाळण्याचे खांब, भोवरा, कुंकवाचा करंडा ही सगळी कातीव कामे. ती करणारा तो कातारी. सिंधुदुर्गात नोकरीला असताना सावंतवाडीच्या चितार आळीत मुलांची सहल नेली होती. मुले खेळण्यांच्या दुकानांत रमली आणि मी एका कातारी काकांच्या शेजारी उभा राहिलो. फिरत्या लाकडावर ते लाखेची कांडी टेकवत होते. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरत होती आणि बघता बघता पांढरे लाकूड लालभडक होत होते. तेव्हाच मनात घेतले होते की निवृत्त झाल्यावर हे शिकायचे. शिकलो. आता पडवीच्या कोपऱ्यात एक छोटा लेथ आहे आणि घरभर भुसा आहे.

लेथवर लाकूड धरण्याची साधी रीत म्हणजे दोन टोकांमध्ये. डावीकडे हेडस्टॉक, तो फिरवतो. उजवीकडे टेलस्टॉक, तो टोकदार सुळक्याने लाकूड दाबून धरतो. लाटण्याला एवढे पुरते. पण लाकडाच्या एका टोकाला मधोमध भोक पाडायचे असेल किंवा आत कोरायचे असेल, तर उजवीकडचा सुळका मध्ये येतो. तो बाजूला घ्यावा लागतो आणि मग लाकूड एकाच टोकाला धरावे लागते. हे एका टोकाला धरणारे साधन म्हणजे चक. चन्नपट्टणच्या कारागिरांकडे याला सोपा उपाय असतो. फिरत्या दांड्याला पोकळ वाटीसारखे तोंड असते, त्यात लाकडाचा तुकडा हातोडीने ठोकून घट्ट बसवायचा. काम झाले की कापून काढायचा. पण एकदा काढलेला तुकडा पुन्हा त्याच जागी, तितकाच मध्यावर बसेल याची खात्री नसते. मला नेमकी तीच खात्री हवी होती.

ती का हवी होती ते सांगतो. सौ.च्या हातांना गेली काही वर्षे संधिवाताने धरले आहे. सकाळी उठल्यावर तास दीड तास बोटे मिटत नाहीत. दिवस वर आला की थोडी सैल होतात, पण पूर्ण मूठ अशी वळतच नाही. औषधे नियमित चालू आहेत आणि त्यांनी दुखणे आटोक्यात आहे, पण बोटांची जी ठेवण बदलली ती बदलली. पोळ्या लाटायला अडचण येत नाही, कारण लाटणे तळव्यांनी फिरते. अडचण येते ती बारीक दांडीच्या वस्तूंची. लोखंडी उलथन्याची दांडी जेमतेम ८ मिलिमीटर जाडीची. ती धरायला बोटे पूर्ण वळावी लागतात. सुरीचे तेच, झाऱ्याचे तेच. हळूहळू फोडणी, परतणे, चिरणे ही कामे स्वयंपाकाच्या बाईंकडे गेली. सौ. स्टुलावर बसून ‘आता गॅस बारीक करा’ असे सांगू लागली. तक्रार तिने कधी केली नाही. पण पन्नास वर्षे जिने स्वतःच्या हाताने वाढले, ती आता पाहुणे आले की पानावर बसलेल्यांना नुसती विचारते, ‘आणखी काय हवे?’ आणि वाढते दुसरे कोणी. मला ते बघवत नसे.

हाताच्या व्यायामासाठी आम्ही जातो तिथल्या बाईंनी सांगितले होते की दांड्या जाड करा. दांडी जाड असली की बोटे कमी वळवावी लागतात आणि सांध्यांवरचा ताण कमी होतो. त्यासाठी फोमच्या नळ्या मिळतात, त्या दांडीवर चढवायच्या. आम्ही आणून पाहिल्या. चमच्याला त्या ठीक आहेत, पण तेलकट हातांनी, कढईच्या वाफेवर त्या लवकर खराब होतात. मी म्हटले, आपण लाकडाच्या मुठी करू.

‘किती जाड करणार?’ सौ.ने विचारले.

मी पट्टी आणली. तिने ती बाजूला ठेवली आणि स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा आणला. त्याची जाडसर वळकटी केली, हातात धरली आणि जितकी सहज मिटते तितकीच मूठ मिटली. मग बोटे उघडून ती वळकटी माझ्यापुढे ठेवली. त्यावर तिच्या चारही बोटांचे आणि अंगठ्याचे ठसे होते. म्हणाली, ‘हे घ्या तुमचे माप.’

व्हर्नियर लावून मोजले. उजव्या हाताचे ३६ मिलिमीटर, डाव्याचे ३३. मध्ये थोडा फुगवटा, करंगळीकडे जरा बारीक. ती कणीक वाळून तडकेपर्यंत माझ्या टेबलावर होती.

आता अडचण अशी. मुठीच्या बरोबर मधोमध लांब भोक पाडून त्यात उलथन्याची दांडी बसवायची. भोक जरा तिरके गेले तर उलथने हातात वाकडे बसणार, आणि आजारी मनगटाला तो वाकडेपणा लगेच कळणार. हाताने गिरमिट चालवून १० सेंटिमीटर सरळ जाणे कठीण. लेथवर मात्र लाकूड स्वतः फिरते आणि टेलस्टॉकमध्ये बसवलेला ड्रिल बिट आपोआप मध्य धरतो. शिवाय एकदा मूठ तयार करून सौ.च्या हातात द्यायची, ती सांगेल तिथे अर्धा मिलिमीटर कमी करायचा, पुन्हा हातात द्यायची. म्हणजे तयार गुळगुळीत मूठ पुन्हा लेथवर धरायची, तीही मध्यावर आणि वळ न उठवता. धातूचा चार जबड्यांचा चक बाजारात मिळतो. त्याची किंमत माझ्या लेथच्या किमतीच्या निम्मी होती, आणि त्याचे जबडे शिवणीसारख्या मऊ लाकडावर वळ उठवतात. म्हणून लाकडाचाच चक करायचे ठरवले.

त्याची कल्पना फार जुनी आणि फार सोपी आहे. क्लच पेन्सिल आठवा. पुढे बारीक चिरा दिलेली नळी असते आणि तिच्यावर एक कडे. कडे घट्ट बसले की चिरा मिटतात आणि शिसे सगळीकडून सारखे दाबले जाते. माझ्या चकचे तेच. लाकडाची एक जाड नळी, तिला तोंडाकडून उभ्या चिरा, बाहेरून किंचित उतार आणि त्या उतारावर चढणारे लोखंडी कडे. कडे जितके मागे सरकेल तितकी लाकडाची बोटे आत दाबली जातील. एका जागी जोर नाही, सगळीकडे थोडा थोडा. मूठ मिटते तशी.

लाकूड बाभळीचे घेतले. जुन्या बैलगाडीच्या कामातून उरलेला ठोकळा होता, कित्येक वर्षे वाळलेला. बाभूळ चिवट असते, सहजासहजी चिरफळत नाही. रेषा लेथच्या अक्षाच्या दिशेने येतील असा तुकडा कापला. हे महत्त्वाचे आहे. रेषा आडव्या आल्या तर चिरा दिल्यावर एकेक बोट बिस्किटासारखे मोडेल.

चक लेथवर बसवायला मागून आटे हवेत. माझ्या लेथचा स्पिंडल एक इंची, इंचाला ८ आटे. त्या मापाचा टॅप घरी असण्याचे कारण नाही. पण माझा एक जुना विद्यार्थी मशीनकाम करतो, त्याच्याकडे गेलो.

‘सर, लोखंडात आटे पाडतात. लाकडात कसे टिकतील?’ तो म्हणाला.

‘तुझा टॅप दे आणि बघायला ये.’

पाऊण आणि एक इंचाच्या मध्ये, म्हणजे सात अष्टमांश इंचाचे भोक आरपार पाडले. त्यात टॅप सावकाश फिरवला, एक वेढा पुढे, अर्धा मागे, म्हणजे भुसा सुटत राहतो. आटे पडल्यावर आत पातळ फेविक्विक सोडले. ते लाकडाच्या धाग्यांत शिरून कडक होते. पूर्ण वाळल्यावर टॅप पुन्हा एकदा फिरवला. ठोकळा स्पिंडलवर चढवला तो शेवटच्या वेढ्याला टक करून टेकला. विद्यार्थ्याने लेथ हाताने फिरवून पाहिला, ठोकळा हलवून पाहिला आणि म्हणाला, ‘सर, हे मला आयटीआयमध्ये कोणी सांगितले नाही.’ मी म्हटले, मलाही बीएला सांगितले नव्हते!

पुढचे काम लेथवरच. ठोकळा ज्या स्पिंडलवर वापरायचा त्याच स्पिंडलवर तो कातला, त्यामुळे मध्याचा प्रश्नच उरला नाही. आत ३५ मिलिमीटर व्यासाची आणि ४५ खोलीची सरळ भिंतींची विहीर कोरली. बाहेरून तोंडाशी ५१ मिलिमीटर आणि मागे ५६, असा उतार दिला. कडे म्हणजे दोन इंची जीआय पाइपचा १२ मिलिमीटर रुंदीचा तुकडा. दोन इंची पाइपचा आतला व्यास साधारण ५३ भरतो, म्हणजे कडे उतारावर मध्याच्या जरा अलीकडे अडकते. उतार मुद्दाम अगदी कमी ठेवला आहे. पाचर जितकी निमुळती तितकी ती ठोकल्यावर आपसूक मागे येत नाही. इथेही तेच. मोठा उतार दिला तर कडे फिरता फिरता घसरून पुढे येईल.

बोटे वाकावीत म्हणून त्यांच्या मुळाशी बाहेरून एक खाच घेतली आणि तिथली जाडी सहा मिलिमीटरवर आणली. मग चिरा. वर्तुळाचे आठ सारखे भाग कसे करायचे? कंपास, कोनमापक काही लागत नाही. कागदाची पट्टी चकभोवती गुंडाळायची, बरोबर एक वेढा होईल अशी कापायची आणि तीनदा दुमडायची. उघडली की आठ भाग. ती पुन्हा गुंडाळून घड्यांपाशी पेन्सिलीच्या खुणा करायच्या. जिथे चिरा संपणार तिथे आधी चार मिलिमीटरची भोके पाडली, म्हणजे चीर तिथे थांबते, पुढे फाटत नाही. मग बारीक दातांच्या करवतीने समोरासमोरच्या खुणांवरून चार काप. चार कापांत आठ चिरा.

एका शिक्षकाच्या रजेत आठवीला गणित शिकवले होते, तेवढ्या भांडवलावर हिशेब केला. करवतीची चीर १.२ मिलिमीटर. आठ चिरा पूर्ण मिटल्या तर तोंडाचा परीघ ९.६ मिलिमीटरने कमी होईल. त्याला ३.१४ ने भागले की व्यास सुमारे ३ मिलिमीटरने कमी. एवढे लाकडाला वाकवायचे नाही, पण एक मिलिमीटर बिनघोर मिळतो. म्हणजे मुठीचे मागचे टोक ३४ च्या आसपास असले की झाले. तयार मूठ पुन्हा धरताना ती जरा बारीक झालेली असते. तेव्हा मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालायचा, त्याने फरकही भरून निघतो आणि वळही उठत नाहीत.

काही लोक कड्याऐवजी पाइपाला लावतात ती जुबली क्लिप वापरतात. तीही चालते, पण तिचा स्क्रू बाहेर डोकावतो आणि फिरताना दिसत नाही. बोटाला लागला तर सोलून काढेल. एका घरात दोन दुखरे हात नकोत म्हणून मी कडेच घेतले.

मुठींसाठी लाकूड मात्र शिवणीचे. ते हलके असते, आणि दुखऱ्या हाताला जाडी हवी असली तरी वजन नको असते. चौकोनी तुकडा आधी दोन टोकांमध्ये धरून गोल केला, मागचे टोक ३४ वर आणले आणि चकमध्ये बसवून कडे लाकडी हातोडीने सगळीकडून हलके ठोकत मागे सरकवले. लेथ अगदी कमी वेगावर ठेवून ड्रिल आत घातला. दर सेंटिमीटरला बाहेर काढून भुसा झटकायचा, नाहीतर बिट तापतो आणि भोक जळते. भोक झाल्यावर टेलस्टॉकचा सुळका त्याच भोकात टेकवला. आता मूठ दोन्हीकडून धरलेली, आणि बाहेरचा आकार आतल्या भोकाच्या भोवतीच कातला जाणार. कणकेच्या वळकटीवर व्हर्नियर, मग मुठीवर व्हर्नियर, असे करत आकार दिला.

वेग कमी असला तरी लेथ सुरू करताना समोर उभे राहायचे नाही, बाजूला राहायचे. डोळ्यांवर आणि तोंडावर पारदर्शक ढाल हवी, सदऱ्याच्या बाह्या वर हव्यात. शक्य तोवर टेलस्टॉकचा आधार काढायचा नाही. आणि प्रत्येक वेळी आधी कडे हाताने चाचपायचे. उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि आषाढात फुगते. मे महिन्यात सैल झालेले कडे मला पाऊस सुरू झाल्यावर हातोडीने सोडवावे लागते. लाकूड मेल्यावरही ऋतू विसरत नाही.

पहिली मूठ कापून काढली, पॉलिश पेपर मारला आणि अराल्डाइट लावण्याआधी दांडीवर नुसती खोचून सौ.कडे नेली. तिने हवेत दोनतीनदा परतल्यासारखे केले.

‘करंगळीपाशी जास्त आहे.’

पुन्हा चकमध्ये. ट्यूब, कडे, सुळका. मूठ फिरवून पाहिली, पहिल्यासारखीच मध्यावर होती. अर्धा मिलिमीटर घेतला. पुन्हा स्वयंपाकघर.

‘आता अंगठ्याला टेकायला जागा नाही.’

लेथवर फक्त गोल होते. अंगठ्यासाठी कानशीने एक सपाट जागा करून दिली. अशा पाच फेऱ्या झाल्या. सहाव्या वेळी ती काहीच बोलली नाही. गॅस पेटवला, कढई ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘कांदा चिरून द्या.’

कांदे मी चिरले, कारण सुरीची मूठ व्हायची होती. परतले तिने. दोन वर्षांनी त्या घरात तिच्या हातची बटाट्याची भाजी झाली. बाईंना त्या दिवशी तिने भाजीचे काम नाही म्हणून सांगितले, तेही अशा सहज आवाजात की जणू रोजचेच आहे.

मग दांडी अराल्डाइटने पक्की केली आणि मुठीला जवसाचे तेल दिले. हे तेल वाळून लाकडात मुरते, चिकट राहत नाही. फक्त तेलाचा बोळा चुरगाळून टाकू नये. तो आतल्या आत तापून पेटू शकतो, म्हणून दोरीवर पसरून वाळवावा. नंतर सुरीची मूठ झाली, झाऱ्याची झाली. डाव्या हाताला ३३ ची एक पळी झाली.

याने सगळे सुटले असे नाही. बरणीचे झाकण अजून मीच उघडतो. वाईट दिवशी, विशेषतः ढगाळ हवेत, मूठ कितीही जाड असली तरी हात उचलत नाही आणि त्या दिवशी बाईच सगळे करतात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे की बोटांची ठेवण पुढेही बदलू शकते. म्हणजे आजचे ३६ उद्या ३८ होईल किंवा ४०. तेव्हा पुन्हा कणीक मळावी लागेल, पुन्हा माप घ्यावे लागेल. म्हणून चक पुसून, कडे सैल करून, ट्यूबच्या तुकड्यासह लेथजवळच्या खिळ्याला टांगून ठेवला आहे. शिवणीचे चार तुकडे कापून सावलीत वाळत घातले आहेत. आणखी एखादे वर्ष त्यांना वाळू द्यायला हवे.

हे करताना मला एक गोष्ट नीट समजली. घट्ट धरणे म्हणजे एका जागी जोर लावणे नव्हे. एका जागी जोर लावला की वळ उठतात किंवा वस्तू निसटते. आठ बोटांनी थोडे थोडे धरले तर मऊ शिवणसुद्धा दुखावत नाही आणि जागची हलतही नाही. सौ.ला हे ऐकवले. ती म्हणाली, ‘हे तुम्हाला आत्ता कळले होय? मग झाऱ्यावर तेलाचा हात जरा थोडा थोडा द्या, फार वास मारतोय.’

असो. गणपतीत कोणी आमच्याकडे आलात तर पानावर वाढायला ती असेल. भाजी मागून घ्या आणि वाढणाऱ्या हाताकडे टक लावून बघू नका. तिला ते आवडत नाही. मूठ मात्र बघायला हरकत नाही.